सात मीटर मोकळी जागा

राजाराम घाडी रोज सकाळी पावणेसातला गोडाऊनच्या फाटकाशी पोचायचा आणि कुलूप काढायच्या आधी खाली वाकून नाक जमिनीजवळ न्यायचा. नवीन ड्रायव्हर बघत असला तर त्याला वाटायचं, काका फाटकाला नमस्कार करतायत. तसलं काही नव्हतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा खालून पसरतो आणि खड्ड्यात, गटारात, भिंतीच्या कडेला साचून बसतो. त्याला स्वतःचा वास नसतो, माणसाला कळावं म्हणून सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला असतो. तो शोधायचा तर वाकावंच लागतं. एकोणतीस वर्षं राजाराम वाकत होता. आता उठताना भिंतीला हात लावावा लागायचा.

गोडाऊन मुलुंडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. एका गॅस एजन्सीचं. पूर्वी तिथे दगडाची खाण आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. आता एका अंगाला तीस-तीस मजली टॉवर आणि मागच्या उतारावर वस्ती. राजाराम राहायला भांडुपला. वडील परळच्या गिरणीत, गाव देवगड तालुक्यात. गिरणी बंद पडली तेव्हा राजाराम नुकता मॅट्रिक झाला होता. मग बरीच वर्षं इथे-तिथे हमाली, वॉचमनगिरी करून शेवटी तो ह्या गोडाऊनवर लागला. एजन्सीचे मोठे शेठ तेव्हा हयात होते. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या चौकटीतलं लायसन्स त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. जास्तीत जास्त आठ हजार किलो गॅस. शेडच्या चारी बाजूंना सात मीटर मोकळी जागा, तिथे बांधकाम नाही, आग नाही, दिवा नाही.

"हे पाठ कर," शेठ म्हणाले. "बाकीचं काम कुणीही शिकवेल."

राजारामनं पाठ केलं आणि बाकीचंही शिकला. आत येणाऱ्यानं काडेपेटी, लायटर, मोबाईल बाहेरच्या डब्यात ठेवायचा. खिळेवाले बूट चालणार नाहीत. बाटला, म्हणजे गॅसचा सिलिंडर, उभाच ठेवायचा, आडवा लोळवायचा नाही. दोन रांगांमध्ये माणूस सरळ चालेल एवढी वाट सोडायची. प्रत्येक बाटल्याच्या तोंडावर पाण्याचे चार थेंब टाकून बुडबुडा येतो का बघायचं. शेडच्या भिंतीला तळाशी जाळीच्या खिडक्या असतात. तिथे पोतं, खोका, काही म्हणजे काही टेकवायचं नाही. डिलिव्हरीची पोरं त्याला मागून 'हेडमास्तर' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटण्याचे दिवस कधीच सरले होते. ज्या कामात काहीच घडत नाही तेच काम नीट झालं असं समजायचं, त्या कामाला शाबासकी कोण देणार?

एकदा मात्र घडलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या भर दुपारी.

ट्रक खाली होत होता. एक भरलेला बाटला फळीवरून निसटला, तोंडावर आपटला आणि त्याच्या व्हॉल्व्हची पिन आत दबून अडकली. कुकरची शिटी अडकल्यासारखा सूं असा एकसुरी आवाज सुरू झाला. पांढरी वाफ बाहेर आली आणि वर न जाता जमिनीवरून सरपटायला लागली. राजाराम ओरडला, "गाडी चालू करू नको! पळा पुढून!" माणसं पळाली. वाफ मात्र तळाच्या जाळ्यांतून मागच्या बाजूला निघाली होती, उतारावरून, वस्तीकडे.

मागच्या बाजूची गोष्ट आधी सांगायला हवी. तिथे जमीन उतरती म्हणून कंपाउंडची भिंत शेडपासून चार मीटरवरच घातलेली होती. भिंतीपलीकडचा तीन मीटरचा पट्टाही एजन्सीचाच, पण उघडा. वीस वर्षांपूर्वी तिथे पहिली झोपडी पडू लागली तेव्हा राजाराम भिंतीतलं मागचं दार उघडून बाहेर गेला, दोरी धरून सात मीटर मोजले आणि रांगेनं दगड मांडले. "ह्याच्या अलीकडे येऊ नका. आतमध्ये गॅस आहे." लोकांनी ऐकलं. त्या दगडांना लागून पहिलं घर उभं राहिलं ते सुगंधा इंगळेचं. वाशीमकडची बाई, नवरा बिगारी काम करता करता वारलेला, बोटाला धरलेली मुलगी दर्शना. तिच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याच्याखाली दर्शनाचं दप्तर. सुगंधा जवळच्या शाळेत मावशीचं काम करायची.

त्या दुपारी राजाराम मागच्या दारानं धावत वस्तीत घुसला. "चुली विझवा! स्टो बंद करा!" सुगंधा भाकरी थापत होती. तिनं हात न धुता शेगडी बंद केली, का म्हणून विचारलं नाही, आणि पदर खोचून ओळीनं सगळ्या घरांत शिरून जळती शेगडी दिसेल ती विझवत गेली. एका घरात देवापुढे निरांजन होतं, ते तिनं फुंकलं. राजाराम परत आत आला. ओली पोती घेतली, बाटला कवेत उचलला, पुढच्या मोकळ्या जागेत नेला आणि तोंडावरची टोपी दाबून बसवायला बघू लागला. आतला पाण्यासारखा पातळ गॅस डाव्या हातावर उडाला. भाजल्यासारखं झालं, पण बोटं लाल झाली नाहीत, बर्फासारखी पांढरी पडली. शेवटी टोपी बसली. अर्ध्या तासानं वास विरला. ठिणगी कुठे पडली नाही.

गोडाऊनच्या वहीत त्याची एक ओळ नोंद झाली. त्या हाताच्या दोन बोटांना तेव्हापासून गरम-थंड कळत नाही.

संध्याकाळी सुगंधा भिंतीवरून डोकावली. "गेलं का दादा?"

"गेलं."

दुसऱ्या दिवशी तिनं दर्शनाच्या हाती ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा पाठवला. त्यानंतर ती त्याला भाऊ मानायला लागली. तसं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण घरात काही नवं आणायचं, दर्शनाला कुठल्या शाखेला घालायचं, हे ती त्याला विचारायची.

त्या घटनेनंतर चार वर्षांनी तिनं असंच विचारलं. "दादा, पोरगी दहावीत गेली. एकाच खोलीत चूल, अंथरूण, अभ्यास. मागं जरा सरकू का? तेवढं किचन बाहेर काढते."

मागं म्हणजे दगडांच्या अलीकडे, पट्ट्यात. राजारामनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. दाराशी दर्शना पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि स्टोव्हच्या धगीनं तिचं कपाळ घामानं चिकट झालं होतं. तो म्हणाला, "बघ बाई."

'बघ बाई' ह्याचा अर्थ आपल्याकडे 'हो' असाच होतो. महिन्याभरात विटांचं, वर पत्रा टाकलेलं किचन उभं राहिलं. ते बघून शेजारच्या रिक्षावाल्या विकीनंही भिंत पुढे ढकलली. राजाराम रोज मागचं दार उघडून बघायचा आणि लावून घ्यायचा. तपासणीला माणसं येत, पुढूनच बघत, वाळूच्या बादल्या मोजत, आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख वाचत आणि जात. राजाराम काही बोलला नाही. दहा वर्षं गेली. न बोलण्याचंही ओझं होतं आणि ते रोज थोडं थोडं वाढत गेलं. माणूस कशानं थकला हे त्याचं त्यालाही कळू नये, असं त्याचं झालं.

यंदा लायसन्सचं नूतनीकरण आलं आणि सोबत लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं की ह्या वेळी चारी बाजूंची प्रत्यक्ष मोजणी होईल.

मोठे शेठ जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा केयूर आता एजन्सी बघायचा. पस्तिशीचा, सतत फोनवर, पण माणूस वाईट नाही. राजारामच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः हॉस्पिटलात येऊन बसला होता. मंगळवारी तो गोडाऊनवर आला, मागच्या दारातून बाहेर डोकावला आणि आत येऊन खुर्चीत बसला.

"काका, हे कधी झालं?"

"झालं," राजाराम म्हणाला.

केयूरनं डोळे चोळले. "गुरुवारी मॅडम येतायत मोजायला. पुढची, डावी, उजवी, तिन्ही बाजू क्लिअर आहेत. मागे नकाशात सात मीटर आहेच. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की दार गंजून बसलंय, चावी फिरत नाही. झाडीतून कोण जातंय तिकडे फिरून? दहा हजार घरांत आपला गॅस जातो, काका. हे बंद पडलं तर सगळ्यांची वाट लागेल. तुमची दोन वर्षं राहिलीत. शांतपणे काढा."

राजाराम 'हं' म्हणाला.

भांडुपला घरी गेल्यावर त्यानं वनमालेला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती कोळंबी सोलत बसली होती.

"मगे सांगा ना चावी फिरना नाय म्हणान," ती म्हणाली. "तुमचा काय जाता? दोन वर्सां रवली. गप बसान काढा."

"दहा वर्सां गपच बसलंय," राजाराम म्हणाला. "आता माका दमाक झाला गो."

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग कोळंबी बाजूला ठेवली, उठली आणि त्याच्यासाठी पाणी तापवायला लागली.

बुधवारी दुपारी तो सुगंधाकडे गेला. तिनं त्याला त्याच किचनमध्ये बसवलं. आता तिथे ओटा होता, भिंतीला टाईल्स होत्या, फळीवर डबे ओळीनं लावलेले होते. दर्शना पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली होती, त्यातून हे सगळं तिनं हौसेनं केलं होतं. राजारामनं मोजणीचं सांगितलं.

सुगंधा ऐकत होती. मग म्हणाली, "मंग? मोडू म्हणता?"

"मोड म्हणायला नाही आलो. उद्या कळेल ते आज माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

"सात मीटर, सात मीटर," ती म्हणाली. "वीस वर्षं राहिले मी इथं. काय झालं? तुमच्या त्या टॉवरवाल्यांना कुणी विचारतं का किती मीटर ते? गरिबाच्या चुलीलाच टेप लागते."

ते खरंच होतं.

"एक सांगा दादा. सरळ सांगा. खरंच धोका आहे का कागदावरचं आहे?"

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. राजारामनं डाव्या हाताची दोन बोटं उजव्या हातात धरली.

"त्या दिवशी बाटला गळला ना," तो म्हणाला, "तेव्हा वाफ तुमच्याच अंगाला येत होती. तुझ्या दारापासून दोन हातांवर होती. मी बघितली. मग डोंगरावरून वारा सुटला आणि ती जुन्या खाणीकडे वळली. मी वाचवलं नाही कुणाला. तू शेगड्या बंद केल्यास ते बरं झालं, पण वस्तीत कुठे विजेचं एक बटण कुणी दाबलं असतं, तरी पुरलं असतं. आपण वाऱ्यामुळे वाचलो. आणि तेव्हा तुझी चूल सात मीटरवर होती. आता साडेचारवर आहे."

सुगंधानं गॅसच्या शेगडीकडे बघितलं.

"हे तुम्ही मले चौदा वर्षं नाही सांगितलं?"

"नाही."

"मी हे बांधू का म्हणून विचारलं, तवा पण नाही?"

"नाही."

"का?"

 उत्तर होतं, पण ते असं होतं की तू मला दादा म्हणायचीस, तुझी पोरगी घामानं भिजून अभ्यास करत होती आणि मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. हे बोलायला त्याला लाज वाटली.

"माझी लेक इथं झोपते, दादा," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ह्या ओट्याखाली. पंखा इथं आहे म्हणून. उठा तुम्ही. आता उठा."

तो उठला.

गुरुवारी अकरा वाजता मोजणीला आल्या त्या खात्याच्या श्रुतिका मॅडम. चाळिशीच्या, पायात रबरी तळव्याच्या चपला, खांद्याला पिशवी. चढण चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्या दिवसातलं त्यांचं ते तिसरं गोडाऊन होतं. स्वतःहून मोबाईल डब्यात ठेवला, लोखंडी टेप गाडीतच ठेवून कापडी टेप आणली होती. राजारामला बरं वाटलं, कुणीतरी न सांगता नियम पाळतंय.

टेपचं एक टोक राजाराम शेडच्या भिंतीला धरायचा, दुसरं टोक घेऊन मॅडम चालत जायच्या. पुढे सात मीटर पन्नास. डावीकडे सात दहा. उजवीकडे सात वीस. केयूर मागून चालत होता, एकदाही फोनची आठवण न काढता.

"मागची बाजू?"

"मॅडम, ते दार गंजलंय," केयूर म्हणाला. "गेल्या पावसाळ्यापासून बसलंय. नकाशात आहे, सात मीटर. जुनाच नकाशा आहे, मंजूर झालेला."

मॅडमनी नकाशा उलगडला, बघितला. घाम पुसला. पेन हातात होतंच. त्यांचाही जीव आंबलेला दिसत होता. आकडा लिहायला कागदावर पेन टेकलंसुद्धा. मग सवयीनं, काहीशा नाइलाजानंच, त्यांनी राजारामकडे बघून विचारलं, "उघडतच नाही का ते?"

केयूर राजारामकडे बघत होता.

"उघडतं," राजाराम म्हणाला.

त्यानं कनवटीच्या जुडग्यातली चावी काढली. कुलूप एका फेऱ्यात निघालं, कारण दर पंधरा दिवसांनी तो त्याला तेल घालायचा. दार उघडलं आणि समोर, हात लांब केला तर जवळजवळ लागेल अशी, सुगंधाच्या किचनची भिंत आली. खिडकी उघडी होती. आत कुकर चढवलेला होता. सुगंधा ओट्याशी उभी होती. कामावर गेली नव्हती.

राजारामनं टोक शेडला धरलं. मॅडम दारातून बाहेर गेल्या आणि टेप विटांना लावली.

"चार साठ," त्या म्हणाल्या. शेजारी सरकल्या. "ही पाच वीस." मग खिडकीतून विचारलं, "ताई, गॅस आहे का घरात?"

"आहे ना," सुगंधा म्हणाली. "ह्यांच्याच एजन्सीचा आहे."

मॅडमनी लिहून घेतलं. परत आत येऊन टेबलाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ शब्दांत सांगितलं. आठ हजार किलोला सात मीटर लागतात, ते नाहीत. तेव्हा तीन वाटा. बांधकाम हटवा, नाहीतर साठा कमी करा, नाहीतर दुसरी जागा बघा. चार मीटरला तीन हजार किलोचं लायसन्स मिळू शकतं. तोवर तीन हजार किलोच्या वर एकही बाटला ठेवायचा नाही.

केयूरला हिशोब मांडायला कागद लागला नाही. तीन हजार किलो म्हणजे दोनशे अकरा बाटले. एक ट्रक येतो तोच तीनशे सहा घेऊन. म्हणजे भरलेला एक ट्रकसुद्धा खाली करता येणार नाही.

मॅडमना फाटकापर्यंत सोडून केयूर परत आला. मग म्हणाला, "काका, काय अडलं होतं तुमचं? एक शब्द बोलायचा नव्हता, फक्त गप्प राहायचं होतं."

"अडलं काही नव्हतं, केयूरभाई. तेवढा जोर उरला नाही अंगात."

"मी आज तक्रार टाकली तर दोन दिवसांत पाडतील ती घरं. जागा आपली आहे."

"पाडतील."

"मग?"

"तुम्ही मालक. पण मला कुणी विचारलं तर मी सांगीन, मला दहा वर्षं ठाऊक होतं आणि मीच बांधू दिलं."

केयूरनं टेबलावर हात आपटला, उठला आणि गाडीकडे चालता झाला. पण तक्रार त्यानं टाकली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी राजाराम गोडाऊनवर नुसताच आला होता, सुट्टी असून. मागून ठोकाठोक ऐकू आली म्हणून त्यानं दार उघडलं. सुगंधाच्या किचनचा पत्रा उतरवलेला होता. एक गवंडी भिंत खोलत होता, दर्शना घमेल्यात विटा भरत होती. टाईल्सचे तुकडे वेगळे काढून ठेवलेले होते. राजारामनं न विचारता घमेलं घेतलं आणि विटा उचलायला लागला. सुगंधानं त्याला येऊ नको म्हटलं नाही, पण ती त्याच्याशी बोललीही नाही. दोन तास तिघं विटा वाहत होते आणि दर्शना तेवढी मधूनमधून बोलत होती, "काका, त्या भिजलेल्या विटा घेऊ नका, जड आहेत."

विकी लुंगी गुंडाळून दारात उभा राहून बघत होता. राजाराम त्याच्याकडे गेला.

"आपण नाही हलवणार, काका," विकी म्हणाला. "त्यांनी मोडलं, त्यांची मर्जी. उद्या तुमचं गोडाऊन इथून जाणार, सगळ्यांना ठाऊक आहे. मग मी भिंत मोडून काय कमावलं? सांगा ना."

राजाराम वाद घालायला गेला नाही. परत मोजणी झाली. मागची सगळ्यात जवळची भिंत आता विकीची, पाच मीटर वीस. पाच मीटरला चार हजार किलोची परवानगी. म्हणजे दोनशे एक्क्याऐंशी बाटले. ट्रक तीनशे सहाचा. पंचवीस बाटले कमी पडले. केयूरनं कंपनीला विचारून बघितलं, आतला शिल्लक साठा धरून मावेल असा अर्धा ट्रक पाठवाल का. रोज अर्धा ट्रक इतक्या लांबून येणं कुणालाच जमणारं नव्हतं. सुगंधानं स्वतःच्या हातानं मोडलेल्या किचनचा त्या लायसन्सला काही उपयोग झाला नाही.

राजाराम हे तिला सांगायला गेला. दारातच उभा राहून सांगितलं.

"लायसन्ससाठी नव्हतं मोडलं," सुगंधा म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

चार महिन्यांनी केयूरला ठाण्यापलीकडे, भिवंडीच्या वाटेवर जागा मिळाली. भातखाचरांच्या मधोमध, चारी बाजूंना वीस-वीस मीटर रिकामी. तोवर दुसऱ्या एजन्सीकडून थोडे थोडे बाटले आणून भागवलं होतं. मुलुंडचा शेवटचा बाटला नव्या जागेत उतरला त्या दिवशी डिलिव्हरीच्या पोरांनी नारळ फोडला. राजारामनं मुलुंडची शेड झाडून काढली, दारं दोन दिवस उघडी ठेवली, खाली वाकून वास घेतला. लायसन्स परत करायच्या अर्जावर साक्षीदार म्हणून त्याची सही लागली.

नव्या जागेवर अक्षता नावाची मुलगी गोडाऊन बघायला ठेवली होती, सायन्सची पदवीधर, हुशार. भांडुपहून रोज तिकडे जाणं राजारामला झेपणारं नव्हतं, म्हणून केयूरनं त्याला विनंती केली की सहा महिने तरी येऊन तिला तयार करा. रागाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. कधी कधी मात्र बोलता बोलता मध्येच थांबायचा. राजाराम आठवड्यातून तीन दिवस दोन बसेस बदलून जायला लागला. अक्षता सगळं पटकन शिकली. एकदा तिनं विचारलं, मुलुंडचं गोडाऊन हलवायला का लागलं? त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःचं काही न वगळता. ऐकून ती म्हणाली, "काका, तुमची चूक नव्हती." त्यावर तो म्हणाला, "होती गं," आणि बस पकडायला निघाला.

पाचव्या महिन्यात त्याला चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये सुई घेऊन समोर आली ती दर्शना. त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधत ती म्हणाली, "मूठ वळा." रक्त काढून झाल्यावर कापूस दाबून धरत म्हणाली, "काका, आईचं मन अजून साफ झालेलं नाही. ती विचारते मात्र. घाडीदादा कुठे असतात, काय करतात. या ना एकदा."

"तिला आवडायचं नाही."

"नाही आवडलं तर ती सांगेल. तिला कुठे तोंड दाबून बसता येतं."

दोन रविवार त्यानं जाऊ की नको करण्यात घालवले. तिसऱ्या रविवारी गेला. गोडाऊनच्या शेडमध्ये आता कुणाच्या तरी मोटारसायकली उभ्या होत्या. मागच्या पट्ट्यात वस्तीतल्या बायकांनी दोऱ्या बांधून गोधड्या वाळत घातल्या होत्या. सुगंधा उंबऱ्यावर बसून सुपात मेथी निवडत होती. तिनं बघितलं, क्षणभर हात थांबवला आणि बाजूची प्लॅस्टिकची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"बसा. वाळलात."

तो बसला. आत पुन्हा एकाच खोलीत चूल होती, दर्शनाचं टेबल होतं, आणि पंखा आता पलंगाच्या वर आला होता. सुगंधानं चहा टाकला आणि परत उंबऱ्यावर येऊन बसली. पाणी हल्ली पहाटे चारला येतं आणि पाऊण तासात जातं, असं ती सांगत होती. दर्शनाची बदली ऐरोलीच्या लॅबला होणार आहे, तिकडे जायला तिला तासभर लागेल, असंही म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला उठवलं घरातून."

"बरोबर केलंस."

"बरोबरच केलं," ती म्हणाली. "पण बिस्किटं आणलीत का काही? नाही ना. थांबा, विकीच्या बायकोकडून आणते." आणि ते मेथीनं भरलेलं सूप त्याच्या मांडीवर ठेवून ती उठली. राजाराम एकेक काडी मोडून पानं वेगळी करत बसला.